पेनल्टीनंतरचा पहिला घोट

एका परक्या देशाने फुटबॉलच्या अंतिम सामन्यात वादग्रस्त पेनल्टीवर आपल्या देशाच्या संघाला हरवलं, तेव्हापासून बाबांनी तिकडच्या कुठल्याही वस्तूला हात लावला नव्हता. प्लंबर असूनही तिकडचा नळ ते बसवत नसत. आणि लेकीने नेमका तिकडचाच मुलगा पसंत केला!

पहिल्याच भेटीला तो त्याच्या देशाची, जगभर खपणारी बिअर घेऊन आला. आईने ग्लास मांडले.

"काय हो पाहुणे," बाबांनी विचारलं, "ती पेनल्टी होती का?"

लेकीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. 'नाही' म्हणायचं, हे तिने त्याला दहादा पढवलं होतं.

"होती, बाबा," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्याशी खोटं कसं बोलू?"

बाबांनी ग्लास उचलला, मोठा घोट घेतला आणि मिशीवरचा फेस पुसला.

"बिअर चांगली आहे, काय करणार!" ते लेकीकडे वळले. "देवाने याला डोळे दिले नाहीत गं, पण जीभ खरी दिली आहे. लग्नाची तारीख काढा."