लंगडीची कात

मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत, मोठ्या टाकीला लागून, एक प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर बाबा बसत. तीस वर्षं या टाक्या त्यांनी सांभाळल्या होत्या. आता लेक सांभाळत होती, आणि सकाळी काय खाल्लं हे बाबांना दुपारी आठवत नव्हतं. घरी त्यांच्यापाशी बसायला कुणी नव्हतं. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा ते मागच्या गल्लीत भलत्याच दारावर थापा मारताना सापडले, तेव्हा लेकीने मत्स्यालयाच्या साहेबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. साहेब तसे वाईट नव्हते. बसू द्या म्हणाले. पण बाबांनी टाकीत हात घातला, तर त्याच दिवशी खुर्ची उचलायची.

बाबा बसत आणि लंगडीकडे एकटक बघत. टाकीत सात कोळी-खेकडे होते, त्यांतली ही सगळ्यांत मोठी मादी. कोळ्यासारखे लांब, काटकुळे पाय म्हणून जातीचं ते नाव. हिचे मात्र उजवीकडचे दोन पाय कधीतरी भांडणात गेले होते. नटायची हौस दांडगी. या खेकड्यांच्या पाठीवर आकड्यांसारखे केस असतात, त्यांत ते शेवाळ, स्पंजाचे तुकडे, मिळेल ते खोवून घेतात आणि दगड बनून बसतात. बाबा पूर्वी म्हणायचे, आपली आत्या बरी, ती निदान आरशात तरी बघते.

गेले पंधरा दिवस लंगडी खात नव्हती. म्हणजे कात टाकणार. जुनं कवच मागच्या बाजूने उकलतं आणि खेकडा उलट्या पावली बाहेर येतो, एकेक पाय अरुंद सांध्यांतून ओढून काढत. तुटलेले पायही नव्याने येतात, आधी लहानसे. पण बाहेर येतो तो जीव लोण्यासारखा मऊ. धड उभं राहता येत नाही, की पळता येत नाही. समुद्रात हे खेकडे शेकड्यांनी ढीग करून कात टाकतात, कारण एकटा मऊ खेकडा दिसला की कुणीही त्याचा फडशा पाडतं. टाकीतले सहा भाऊबंदही त्याला अपवाद नव्हते. म्हणून मधे जाळी लावायची, आणि तीन दिवस हात लावायचा नाही. हे लेकीला बाबांनीच शिकवलं होतं.

त्या सकाळी लेक बाबांना घेऊन आली तेव्हा लंगडी निम्मी बाहेर होती. बाबांना खुर्चीत बसवून ती जाळी आणायला कोठीत धावली. जाळी जुन्या पंपाखाली अडकलेली. ती ओढून काढण्यात वीस मिनिटं गेली. आदल्या दिवशीच आणून ठेवली असती तर, हा विचार तिला पुढे जन्मभर पुरला.

परत आली तर लंगडी तळाशी उभी होती, पाठीवर शेवाळ जिथल्या तिथे. ती उभी राहिलेली नुसती कात होती. मऊ जीव कुठेच नव्हता. मग तिला खुर्चीजवळची बादली दिसली. साध्या नळाच्या पाण्याची बादली, मेलेलं काही निघालं तर ते टाकायला ठेवलेली; समुद्रातला जीव त्या पाण्यात टिकत नाही.

बाबांनी नेहमीचं काम नेहमीसारखं केलं होतं. मेलेला खेकडा तासाभरात बाहेर, नाहीतर पाणी नासतं. लंगडीच्या जागी त्यांना दोन दिसले. एक पायांवर उभा, नटलेला. दुसरा फिकट, आडवा पडलेला. पडलेला त्यांनी काढला.

लेकीने बादलीत हात घातला. लंगडी संपली होती. उजवीकडे दोन नवे पाय होते, करंगळीएवढे. तिला बाबांचा राग आला. बाबांनी प्रेमाने विचारलं, पाणी बदलायचं का?

तेवढ्यात साहेब फेरीला आले. तिने बादलीवर झाकण सरकवलं.

"टाकली का कात?"

"अजून नाही," ती म्हणाली.

साहेबांनी टाकीकडे पाहिलं, लंगडी उभीच होती, आणि ते जायला वळले. ते गेले असते. पण बाबा उठले, काचेला नाक लावून त्यांनी पाहिलं, आणि त्यांचे डोळे लेकीने कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते इतके लख्ख झाले.

"पोरी, ही नुसती कात आहे. मागे फट बघ. खेकडा कुठे गेला?"

मग लेक म्हणाली, मेला समजून मीच काढला, साहेब, माझीच चूक.

"एवढं शिकवलं तुला," बाबा म्हणाले, "आणि जिवंत जीव बाहेर काढलास?"

"चुकलं, बाबा."

बाबा तिला बराच वेळ बोलत राहिले, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. साहेब ऐकत होते, पण बघत होते बाबांच्या बाहीकडे. ती खांद्यापर्यंत भिजलेली होती आणि तिचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"उद्यापासून त्यांना आणू नका," साहेब हळूच म्हणाले. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी लेकीने गॅस खालून बंद केला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, जेवण झाकलं आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. आतून बाबा दारापाशी आले. त्यांनी थापा मारल्या नाहीत. शिकवताना लावायचे तो आवाज लावून म्हणाले, "जाळी घट्ट बांध. आणि तीन दिवस तिला हात लावू नकोस."

हो बाबा, म्हणत तिने किल्ली फिरवली.