पास्तासाच्या दरीवरचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाळणा आहे. बाळाला निजवायचा नव्हे, झाडाला बांधलेलाही नव्हे. मी तारेला टांगलेला आहे आणि माझ्याखाली पास्तासा नदीची दरी आहे. इथले लोक मला ताराबिता म्हणतात. गरम पाण्याची कुंडं आणि ज्वालामुखी बघायला बान्योस या डोंगरातल्या शहरात आलेला पाहुणा एकदा तरी माझ्यात बसतो आणि निम्म्या वाटेवर डोळे मिटून घेतो.

माझा जन्म इथल्याच एका लोहाराच्या अंगणात झाला. माझा तळ मोडीत निघालेल्या ट्रकचा, कठडे पाण्याच्या नळांचे. तेव्हा इंजिन नव्हतं. शहराच्या बाजूच्या काठावर एक दातेरी चाक होतं. त्याला लांब हँडल लावून माणसं ते फिरवत, ओढायची तार सरके आणि तिच्याबरोबर मी. पलीकडच्या उतारावर फळबागा होत्या. आंबट फळांची खोकी, दुधाचे कॅन, शाळेची मुलं, बाळंतपणाला निघालेल्या बायका, सगळ्यांना मी अलीकडे आणलं. उतरताना बायका माझ्या कठड्याला हात लावून तो कपाळाला लावत. मला ते फार आवडायचं.

मग नदीच्या वरच्या अंगाला पूल झाला. फळं ट्रकने जाऊ लागली आणि मी गंजत लटकून राहिलो. पाहुण्यांची गर्दी वाढली तेव्हा अब्दोन नावाच्या मेकॅनिकने मला घेतलं. त्याने मला पिवळा रंग दिला आणि काठावर एका जुन्या ट्रकचं इंजिन बसवलं. हातात कसब असलेल्या माणसाला इथे मायेस्त्रो म्हणतात, म्हणून सगळे त्यालाही मायेस्त्रो म्हणत. त्याची बायको सोईला शेजारी पाल ठोकून उकडलेली कणसं आणि चरबीत तळलेल्या बटाट्याच्या टिक्क्या विकू लागली. हँडलचं आता काम उरलं नव्हतं. सोईलाने ते पालाला टेकू म्हणून लावलं. तार अजून त्या दातेरी चाकावरूनच जात होती, पण इंजिन जोर लावत होतं, त्यामुळे हँडलच्या खाचेला आणि दात्यांना वंगण घालायचं कुणाला सुचलं नाही.

आता यापाबद्दल सांगतो. बाजारात टोमॅटो घेतले की इथलं गिऱ्हाईक हात पुढे करून विचारतं, "आणि यापा?" मग विकणारी एक टोमॅटो वर टाकते. यापा न देणाऱ्याकडे कुणी पुन्हा जात नाही. अब्दोनचा यापा वेगळा होता. परतीच्या फेरीत तो मला दरीत कोसळणाऱ्या धबधब्यावर थांबवायचा आणि इंजिन बंद करायचा. मग फक्त पाण्याचा गडगडाट उरायचा. लोक किंचाळायचे, हसायचे, फोटो काढायचे.

सोईलाला ते मुळीच पसंत नव्हतं. "कणीस जास्तीचं दे, शिट्टी वाजव, नाच हवं तर," ती म्हणायची. "पण तारेवर यापा नको."

"अगं, त्याच्यासाठीच तर येतात ते."

"येतात ते घरी परत जायलासुद्धा."

कार्निव्हलचा दिवस होता. गल्लोगल्ली माणसं एकमेकांना पाण्याने आणि फेसाने माखत होती. सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि इंजिन सारखं खोकत होतं. सोईला पलीकडे बहिणीच्या शेतावर कणसं आणायला गेली होती. येताना ती पोत्यासकट माझ्यात बसली. तिच्यासोबत समुद्रकिनाऱ्याकडच्या ग्वायाकिलहून आलेला वेलिंग्टन नावाचा मासळीचा व्यापारी आणि त्याची म्हातारी आई नार्सिसा होती.

धबधब्यावर पोचताच वेलिंग्टन ओरडला, "मायेस्त्रो! यापा!"

"नको!" सोईला ओरडली.

तिचा आवाज पाण्याने गिळला. वेलिंग्टनचा आवाज मासळीच्या लिलावात तयार झालेला होता. तो काठापर्यंत पोचला. अब्दोनने ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं.

फोटो काढून झाले. अब्दोनने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. त्याने पुन्हा फिरवली. या वेळी ते गुरगुरलंही नाही.

"काय हो," वेलिंग्टन हसला, "डोंगरातल्या माणसांसारखं तुमचं इंजिनही थंडच का?"

"आणि तुम्ही किनाऱ्यावरची माकडं," सोईला म्हणाली. "लटकायची हौस तुम्हालाच."

थोड्या वेळाने दरीतून धुकं वर येऊ लागलं. वारा सुटला आणि मी आडवा झुलू लागलो. माझी वरची चाकं तारेवर करकरत होती. वेलिंग्टनने कठड्यावर पाय ठेवला आणि तार धरून ओढायला हात वर केले. मी एका बाजूला कलंडलो. पोतं घसरून नार्सिसाच्या गुडघ्यांवर आदळलं.

"पाय खाली घ्या!" सोईलाने त्याचा पट्टा धरून खेचलं.

"वेलिंग्टन, खाली बस," म्हातारी म्हणाली. "बापासारखा शहाणपणा करू नकोस."

तो बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. सोईलाने काठाकडे पाहिलं. तिथे तिचं पाल वाऱ्याने फडफडत होतं.

"तुमचा आवाज द्या मला," ती वेलिंग्टनला म्हणाली. "ओरडा, हँडल! पालाचा टेकू!"

तो सगळं बळ लावून ओरडला. अब्दोन क्षणभर जागीच उभा राहिला. मग धावला. त्याने टेकू उपटला आणि पाल साचलेल्या पाण्यासकट चुलीवर कोसळलं. त्याने हँडल चाकात घातलं, ब्रेक सोडला आणि अंग झोकून दिलं. चाक हललं नाही. हँडल निसटून त्याच्या तळहाताची कातडी सोलून गेलं.

"चरबी!" सोईला वेलिंग्टनच्या कानात म्हणाली. "टिक्क्यांच्या कढईतली!"

"चरबी ओता! कढईतली!" तो काठाकडे ओरडला.

पालाखालून कढई निघाली. गरम चरबी दात्यांवर पडली तसा धूर उठला. काठावर फेरीसाठी रांगेत उभी असलेली, फेसाने माखलेली माणसं हँडलला भिडली. चाक किंचाळलं. मी वीतभर सरकलो आणि अडलो. पुन्हा वीतभर सरकलो. मग धुक्याने काठ झाकला. वेलिंग्टन ओरडत राहिला, "ओढा!" आणि पांढऱ्या भिंतीपलीकडून उत्तर येत राहिलं, "हाईस्सा!" मला दिसत काही नव्हतं. हाकांच्या मधे माझ्यातल्या तिघांचा श्वास ऐकू येत होता.

शेवटी काठाचं लाकूड माझ्या तळाला लागलं. अब्दोनने बायकोला हात दिला. तिने तो घेतला नाही. आधी तिने म्हातारीला उतरवलं, मग पोतं. त्यानंतर तिचं लक्ष त्याच्या तळहाताकडे गेलं. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यावर घट्ट बांधला. तो कळवळला.

"इंजिन..." तो बोलू लागला.

"आजपासून यापा मी देणार," सोईला म्हणाली. "इथे, कढईपाशी."

मित्रांनो, ते हँडल आता चाकातच असतं. फेरी सुरू व्हायच्या आधी अब्दोन ते हाताने फिरवून बघतो, दात्यांना वंगण घालतो, आणि मी दरीवर असताना इंजिन बंद करत नाही. पालाला बांबूचा टेकू आहे. माझ्यात बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सोईला आधीच एक जास्तीचं कणीस ठेवते.

तुम्ही डोंगरातल्या शहरात जाल, उंचावरून दरी बघाल, आनंदाने ओरडाल. जरूर ओरडा. पण बसण्याआधी काठावरच्या चाकाकडेही एकदा बघा. ते गंजलेलं दिसलं तर तिथल्या माणसाला हटकायला लाजू नका. आणि जास्तीचं काही हवं असेल तर पाय जमिनीवर असतानाच मागा. तारेवर असताना मला एवढंच देऊ द्या, पलीकडचा काठ.