फरश्या उडालेली पाणबुडी

पाणबुडी काळी असते असं ज्याला वाटतं, त्याने ती रंगवायला घेऊच नये. अमरदीपचं हे ठाम मत होतं आणि ऐकणारा मिळाला नाही, तर तो ते बायकोलाच पुन्हा ऐकवायचा. नुसता काळा फासला की झालं जत्रेतलं खेळणं. काळ्यात थोडा तपकिरी, किंचित निळा, पाठीवर जिथे ऊन लागतं तिथे राखाडी हात. मग कुठे ती समुद्रातून वर आल्यासारखी दिसते.

खरा समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, धाकटा भाऊ अनुप विशाखापट्टणमला पाणबुडीवर रुजू झाला तेव्हा. एरवी आदिलाबादच्या चहूकडे कापूस, ज्वारी आणि ऊन. अमरदीप बेला मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, मराठी शाळेत गणित शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या ओट्यावर वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या पाणबुड्या जोडून रंगवायचा. परदेशी रंग मास्तराला परवडत नाहीत. त्याच्याकडे होते स्टेशनरीच्या दुकानातले शाळकरी ॲक्रिलिक, मोटारसायकलच्या पार्टवाल्याकडून आणलेला करड्या प्रायमरचा डबा, पोटाखालच्या लाल भागासाठी लोखंडी फाटकाला लावतात ते रेड ऑक्साइड आणि गंज दाखवायला चिमूटभर गेरू. एवढ्यावर त्याची कामं अशी उतरायची, की मोबाईलवरच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपमध्ये हैदराबाद-पुण्याचे हौशी लोक विचारायचे, मास्तर, केलं कसं?

वैशाखातला रविवार होता. सकाळी रंग वाळला होता आणि अमरदीप श्वास रोखून चिकटपट्टी सोलत होता. वरचा काळा आणि खालचा लाल यांच्यामधली रेघ सरळ आली की नाही हे याच क्षणी कळतं. रेघ अगदी सुरेख आली होती. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपमधल्या राजकुमारचा मेसेज होता.

"बहुत बढ़िया, मास्टरजी। अनुप भैया के निकलने से पहले पूरी हो जाएगी ना?"

अमरदीप हसला, उत्तर लिहायला अंगठा टेकवला, आणि तिथेच थांबला.

अनुपचं नाव त्याने राजकुमारला कधी सांगितलं नव्हतं.

त्याने मेसेज पुन्हा वाचला. मग आठवून पाहिलं, चुकून कधी बोललो असेन. नाही. "माझा भाऊ" एवढंच तो लिहायचा. बाहेर फाटकापाशी कुणाची तरी गाडी थांबली, तसा तो ओट्यावरून उठूनच उभा राहिला. शेजारचे पांडुरंगराव बाजारातून आले होते.

आता त्याने राजकुमारबरोबरच्या सगळ्या गप्पा मागे नेऊन पाहिल्या. ओळख झाली ती मिठामुळे. अनुपच्या पाणबुडीचं हे मॉडेल हाती घेतलं तेव्हा अमरदीपने ग्रुपवर विचारलं होतं, उडालेला रंग खराखुरा कसा दाखवायचा? राजकुमारने युक्ती सांगितली. खालचा थर ओला करून त्यावर मिठाचे दाणे टाकायचे, वरून दुसरा रंग मारायचा, वाळला की दाणे झटकायचे. रंग जागोजाग आपोआप उडालेला दिसतो. युक्ती खरी निघाली. कलाकार माणूस, अमरदीपला वाटलं. मग राजकुमारने एक खोकं पाठवलं, परदेशी रंगांच्या बाटल्या भरलेलं. भेट म्हणून. त्यासाठी पत्ता मागितला होता आणि अमरदीपने तो अगदी पिनकोडसकट दिला होता.

पुढे राजकुमार विचारू लागला, पाणबुडीच्या अंगावर आवाज दाबणाऱ्या रबरी फरश्या बसवलेल्या असतात, वापरून त्या गळतात, तर भाईसाहबच्या बोटीवर कुठल्या गळल्या आहेत? तेवढं दाखवलं की मॉडेलमध्ये जीव येईल. यात संशय घेण्यासारखं काय होतं? खरं जुनेपण खऱ्या वस्तूवरूनच रंगवावं लागतं, हा तर या छंदाचा नेमच आहे. अमरदीपने अनुपला फोनवर विचारलं. अनुप थोडा थांबून म्हणाला होता, "डाव्या अंगाले, मनोऱ्याच्या मांगं." अमरदीपने तिथे मीठ टाकलं, फरश्या उडवल्या आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो पाठवले.

आणि मग त्याला स्वतःचंच ते वाक्य दिसलं. गेल्या आठवड्यात, मोठ्या उत्साहात लिहिलेलं: भाई बुद्धपौर्णिमा के दो दिन पहले समुंदर में जा रहा है, उसके पहले पूरी करनी है.

खरी गोष्ट अशी होती, की अनुप तारीख कुणालाच सांगत नसे. पण पौर्णिमेला घरी ये म्हणून आईने फारच धोशा लावला, तेव्हा तिची समजूत घालायला तो तिच्याजवळ बोलून गेला. आई ते अमरदीपला बोलली. आणि अमरदीप ते एका अशा माणसाला बोलला, ज्याचा चेहरासुद्धा त्याने पाहिलेला नव्हता.

त्याने अनुपला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. समुद्रात पाण्याखाली असलेल्या भावाचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्या पाण्याबाहेर कुणीतरी वाट पाहत बसलेलं. त्याने थिनरची बाटली उघडली, फडकं भिजवलं आणि मॉडेल हातात घेतलं.

"काय करून राह्यले तुमी?" सुनयना दारात उभी होती. त्याची बायको, तहसील कचेरीत कारकून. थिनरच्या वासाने ती बाहेर आली होती.

त्याने सगळं सांगितलं. तिने फोन हातात घेतला, वाचला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"हे पुसून काय होते?" ती म्हणाली. "फोटो तं कवाचे त्याच्यापाशी गेले. ठेवा ते फडकं. ठाण्यात चला."

"अनुपची नोकरी जाईन, सुनयना."

"अन् नाई सांगतलं तं काय जाईन, ते समजते का तुमाले?"

त्याला समजत होतं. त्याने फडकं खाली ठेवलं. आतल्या खोलीत चंद्रभागाबाई, त्याची आई, पंख्याखाली तांदूळ निवडत बसली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचलेली बाई. पोरगा पांढऱ्या कपड्यांत पहिल्यांदा घरी आला, तेव्हा तिने त्याला घेऊन सगळ्या गल्लीत दारोदार जयभीम घातला होता. तिला हे कुठल्या तोंडाने सांगणार?

फोन पुन्हा वाजला आणि दोघंही दचकले. अनोळखी नंबर. सुनयनाने मान हलवली, उचलू नका. पण अमरदीपने उचलला.

"दादा, मी अनुप. माझा फोन जमा केला, दोस्ताच्या फोनवरून बोलून राह्यलो. माय कशी हाये?"

एवढं सोपं होतं. माय बरी हाये म्हणायचं आणि फोन आत न्यायचा. भावाला काही कळलं नसतं, निदान आज तरी नाही. अमरदीपने डोळे मिटले.

"अनुप, माझ्यानं लय मोठी चूक झाली."

तो बोलत गेला. राजकुमार, रंगांचं खोकं, पत्ता, फरश्या, फोटो. शेवटी अनुप म्हणाला, "दादा, फरश्याचं मी खोटं सांगतलं होतं."

"खोटं?"

"आमाले घरीबी सांगाची मनाई हाये. तू मॉडेलचा नाद सोडनार नाई, म्हनून काईतरी सांगून देलं. डावं अंग साबूत हाये आमच्या बोटीचं."

अमरदीपच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला हसू फुटलं, रडूही फुटलं. इतके दिवस जीव ओतून रंगवलेली जागा साफ खोटी होती आणि एवढा आनंद त्याला आयुष्यात कुठल्या चुकीचा झाला नव्हता. सुनयना त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "अन् तारीख?"

हसू जागीच विरलं.

"अनुप," तो म्हणाला, "तू मायले जायाची तारीख सांगतली होती. ते बी खोटं होतं ना?"

फोनमध्ये मागे कुणाची तरी हाक, लोखंडी दाराचा आवाज. अमरदीप थांबून राहिला. हो म्हण रे बाबा, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं.

"त्याले सांगतली काय तू?" अनुपने विचारलं.

"हाव."

"अन् त्याले माझं नाव मालूम हाये."

"हाव. म्या नाई सांगतलं. कसं मालूम, मले नाई समजत."

अनुप ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी शांतपणे बोलला, लहानपणी पडून ढोपर फुटल्यावर बोलायचा तसा.

"काईच पुसू नको. मेसेज तसेच ठेव. मॉडेल, खोकं, फोन, सारं घेऊन आत्ताच ठाण्यात जा. मी इकडे सायबाले सांगतो."

"तुले बोटीवरून काढतीन काय?"

"ह्या खेपेले तं नेतच नाई. पुढचं मालूम नाई." मग तो म्हणाला, "तारीख तं म्याच सांगतली होती, दादा. मायचं रडणं आइकवत नव्हतं म्हनून. दे तिले फोन. तिले काई सांगू नको."

अमरदीप फोन घेऊन आत गेला. आईच्या हातात दिला आणि तिथेच दाराला धरून उभा राहिला. आई मोठ्याने बोलत होती, समुद्रापर्यंत आवाज पोचला पाहिजे म्हणून. जेवला काय, झोप होते काय. मग ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा फुलत गेला.

तिने फोन परत दिला तेव्हा ताटातले तांदूळ बाजूला सांडले होते आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अमर, आइकलं काय? अनुप येऊन राह्यला! समुद्रात जानं रद्द झालं म्हने त्याचं. पौर्णिमेले घरीच हाये." तिने पदराने डोळे पुसले. "मी किती दिवसाची म्हनून राह्यली होती, माझं लेकरू माझ्या हातची खीर खाईन. काऊन रे, तुले खुशी नाई झाली काय?"

"झाली ना, माय," अमरदीप म्हणाला.

सुनयनाने पाणबुडी जुन्या टॉवेलात गुंडाळून रंगांच्या खोक्यात ठेवली होती. तिने खोकं त्याच्या हातात दिलं आणि पायात चपला सरकवल्या. दोघं फाटकापाशी पोचले, तोवर आई मागून दारापर्यंत आली.

"बजारात चालले काय? येता येता दूधवाल्याले सांगजा पौर्णिमेचं. जास्तीचं देजा म्हनाव, माझा पोरगा येऊन राह्यला."

"सांगतो," अमरदीप म्हणाला, आणि खोकं छातीशी धरून ठाण्याच्या रस्त्याला लागला.