रस्सा

मालनबाईने कढई तिरपी धरली, तळाशी चिकटलेली शेवटची मासोळी उलथन्याने सोडवली आणि नातीच्या ताटात टाकली.

“डोक्यासकट चाव, मेघा. थुकू नको.”

“मागं हेच पाहून नाक मुरडे तुई पोरगी,” मालनबाईचा नवरा हिरालाल लेकीला म्हणाला. “आता पाय, मांजरीवानी खाते.”

कामिनी हसली. चार वर्षांच्या मेघाचे पाय गुडघ्यांपासून बाहेर वाकू लागले होते. तिला साकोलीच्या डॉक्टरांना दाखवून कामिनी तशीच एकोडीला माहेरी आली होती. हाडांना कॅल्शियम कमी पडते आहे, डॉक्टर म्हणाले होते. औषध, दूध, कोवळे ऊन आणि बारीक मासे, काट्यासकट. किती, केव्हा, कशाबरोबर, हे सगळे तिने खोदून खोदून विचारले होते.

मोठी मासोळी बाजारात जायची, जाळ्यात उरलेली बारीक घरात शिजायची. ती आधी पोरांना, मग पुरुषांना. सगळ्यांचे वाढून झाल्यावर मालनबाईने आपल्या भातावर रस्सा ओतला. नुसता रस्सा.

कामिनीने ते पाहिले. आपल्या ताटातली एक मासोळी तिने उचललीही. हात मधेच थांबला.

“पोरीले दे थे,” मालनबाई म्हणाली. “माहे हाडकं तं कवाचेच वाढून झाले वं. आता झिजाचेच उरले.”

सगळे हसले. कामिनीच्या भावाला, देवानंदला, तर ठसका लागला. कामिनीही हसली, आणि मासोळी मेघाच्या ताटात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत मालनबाईचा पाय सरकला. पडली असेही म्हणता येणार नाही, बसली. तेवढ्याने खुबा मोडला. भंडाऱ्याला ऑपरेशन झाले, मग छातीत कफ भरला, आणि ती घरी आली नाही.

ऑपरेशनच्या आधी तरुण डॉक्टरने एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला होता.

“आजींची हाडं फार ठिसूळ झालीत. दूध, मासे वगैरे खातात ना?”

“आमी ढिवर आहो, साहेब,” देवानंद म्हणाला. “घरी रोजच मासोळी राह्यते.”

डॉक्टरने मान हलवली. देवानंद खोटे बोलला नव्हता. कामिनी त्या काळ्या फिल्मकडे पाहत राहिली.

दुखवट्यात चुलीवर मासोळी चढली नव्हती. तेरवी आटोपल्यावर देवानंदने बोडीत, गावाजवळच्या लहान तळ्यात, जाळे टाकले. दुपारी त्याच्या बायकोने, रुपाने, सगळ्यांची ताटे वाढली. तिचे तान्हे पदराआड पीत होते. एका हाताने ती वाढत होती: मेघाला, सासऱ्याला, नवऱ्याला, नणंदेला. मग कढई पुसून घेत तिने आपल्या भातावर रस्सा ओतला आणि पाटाच्या कडेला टेकली.

“मीठ बराबर हाये नं, ताई?” तिने विचारले.

आपले ताट उचलून कामिनी रुपासमोर जाऊन बसली. एकेक करून सगळ्या मासोळ्या तिने रुपाच्या भातावर ठेवल्या.

“हे काय करून राहिल्या, ताई? तुमाले ठेवा नं.”

“आधी तू खाय, माय,” कामिनी म्हणाली.

हिरालालचा घास हातातच राहिला. रुपाने एकदा नवऱ्याकडे पाहिले, मग मान खाली घालून खाऊ लागली.