कडी ओवणारी

तैवानमधल्या काओश्युंगच्या निर्यात वसाहतीत मी सहा वर्षं कडी ओवली. खसखशीच्या दाण्याएवढी काळी कडी आणि त्यांतून केसासारखी तांब्याची तार. एका चौकटीत चार हजार कडी बसली की ती कंप्युटरची मेमरी व्हायची. एका कड्यात एक 'हो' किंवा एक 'नाही'. वीज गेली तरी ते तिथून हलत नसे. आमच्या मुकादम तान बाई नव्या मुलींना माझ्यामागे उभं करायच्या आणि म्हणायच्या, "बी-लिएनचा हात बघा."

माझी धाकटी बहीण सूगिम गल्लीपलीकडच्या कारखान्यात होती. तिथे मेमरीच्या नव्या चिपा बनायच्या. आम्ही एकाच खोलीत राहायचो, आणि सकाळी रताळं घातलेली पेज पिताना आमचं हटकून वाजायचं.

"ताई, आमची चौथी लाईन सुरू झाली."

"होऊ दे. दिवे गेले की सगळं विसरणारी मेमरी ती. आपल्या घरमालकिणीसारखी."

"विसरली तर परत सांगायचं! स्वस्त पडते ना."

बहात्तर सालचा तो उन्हाळा काही नीट गेला नाही. एका आठवड्यात जादा पाळी, तर पुढच्या आठवड्यात दुपारीच घरी. फाटकात झडतीच्या रांगेत उभं राहिलं की रोज नवी बातमी. कुणी म्हणे मोठी ऑर्डर येतेय, कुणी म्हणे कुलूप लागणार. घरी आले तरी माझी बोटं मांडीवर हलत राहायची.

जुलैत अमेरिकेहून खरेदीदार आला. उंच, घामाघूम. माझ्यामागे बराच वेळ उभा राहून दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"इतकं सुबक काम कुठे पाहिलं नाही म्हणतायत," दुभाष्या म्हणाला.

"मग ऑर्डर वाढवणार का, विचारा."

दुभाष्या चाचरला. तान बाईंनी माझ्यावर डोळे वटारले. पण त्या माणसाने विचारलंच, काय म्हणतेय ही? ऐकून तो सरळ म्हणाला, की पुढच्या यंत्रात चिपाच बसणार.

"आणि वीज गेली तर?"

"बॅटरी लावू," तो म्हणाला. मऊ आवाजात बोलला, जणू मी आजारीच आहे. मला शिवी दिली असती तरी चाललं असतं.

त्याच आठवड्यात मी पलीकडे अर्ज टाकला. तिथे आधी डोळे तपासायचे. भिंतीवरच्या तक्त्यावर फणीसारखी चिन्हं, त्यांचे दात कुठल्या दिशेला ते सांगायचं. मला खालच्या ओळी दिसत नव्हत्या, हे सूगिमला ठाऊक होतं. तिने तक्ता घोकून आणला आणि माझ्याकडून पाठ करून घेतला. वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. मी घडाघडा म्हणून दाखवलं. नर्सने पेन खाली ठेवलं.

"हा नवा तक्ता आहे, ताई. जुना सोमवारीच काढला."

घरी सूगिम माझ्यावरच उखडली. "तक्ता बदललाय एवढंही दिसलं नाही तुला?"

"दिसलं असतं तर पाठ कशाला केलं असतं!"

दोघीही हसलो. मग मी तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ नळ तसाच सोडून उभी राहिले.

ऑगस्टमध्ये आमच्या निम्म्या लायनी बंद झाल्या. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरत्या सहाजणी ठेवायच्या ठरल्या. तान बाईंनी पहिलं नाव माझं घातलं, आणि माझे डोळे चुरचुरतात हे लक्षात आल्यावर रविवारी स्वतः मला चष्म्याच्या दुकानात नेलं. "किती दिवस आहे हे काम?" मी विचारलं. "यंत्रं चालतील तेवढे दिवस," त्या म्हणाल्या.

चष्मा लावून मी माझीच चौकट हातात घेतली. एकही तार वाकडी नव्हती. दोन वर्षं मी नुसत्या बोटांनी ओवत होते. अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी, जुनी यंत्रं संपेपर्यंत हेच ओवत राहायचं या विचाराने, तिथे आणखी एक दिवसही बसवेना.

दोन दिवस तळमळले. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून पलीकडे गेले आणि तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचला.

मग तान बाईंना जाऊन सांगितलं. "चष्मा मी करून दिला," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"आणि तू तो घालून तिकडे गेलीस."

"हो."

त्यांनी माझी चौकट उचलून दुसरीच्या पुढ्यात ठेवली. नंतर दोन वर्षं फाटकात दिसल्या की मान फिरवायच्या. दुरुस्तीचं काम पाच वर्षं टिकलं. ते बंद झालं तेव्हा त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा दिला.

पलीकडे मला शिकवायला सूगिमच होती. "पाय उचल, ताई! एकदाच दाबायचं पेडल आहे ते, शिलाईचं मशीन नाही." चिपेला जोडायची सोन्याची तार यंत्रच टाकायचं, मी फक्त जागा दाखवायची. महिन्याभरात हात बसला, पण मन बसलं नाही. तिथे अकरा वर्षांत चिपांचे पाच प्रकार आले आणि गेले. नवी लाईन येतेय अशी कुजबुज झाली की बाकीच्या बायका घाबरायच्या. मी मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता साहेबांच्या दारात जाऊन उभी राहायचे आणि त्या नव्या लाईनसाठी सगळ्यांच्या आधी नाव घालायचे.