दाराने आधी बोलायचं

आता म्हणे हे सगळं कॉम्प्युटरच तपासतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तपासू दे बापडा. आम्ही मात्र एका दवाखान्याच्या लिफ्टचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या टेबल-खुर्च्या भिंतीला सारून, उभ्याने तपासलं होतं. कपडे खडूने पांढरे व्हायचे, पाय भरून यायचे. त्या दिवसांची आठवण आली की अजून जीव हळवा होतो.

दार, लिफ्ट, मोटर अशी सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक भागाची आकृती फळ्यावर असायची. वर्तुळ म्हणजे अवस्था; बाण म्हणजे कोणता निरोप आला की तिथून कुठल्या अवस्थेत जायचं. आमच्या टीमच्या मॅडमची पद्धत अशी, की कोड लिहायच्या आधी आम्ही स्वतःच दार, लिफ्ट, मोटर व्हायचं. आपल्या बाणावर आहे तेवढंच बोलायचं, एक अक्षर जास्त नाही. मी दार होते. आमच्यातला सगळ्यात उंच, लंबू, लिफ्ट होता. दुसरं काय होणार तो!

लंबू त्या शनिवारी दुसऱ्या गावी नव्या नोकरीवर निघणार होता. मला तो जायला नको होता. पण आधी त्याने काहीतरी बोलावं, म्हणून मी मिठाची गुळणी धरून बसले होते.

मॅडम म्हणाल्या, "तिसरा मजला!" आम्ही दोघं जागच्या जागी उभे.

"अगं, बंद हो ना," मॅडम मला म्हणाल्या.

"हा 'निघतोय' म्हणाला की होते."

"ही 'बंद झाले' म्हणाली की निघतो," लंबू म्हणाला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. दोन्ही आकृत्या एकेकट्या अगदी बिनचूक होत्या, आणि दोन्ही मिळून पेशंटला उघड्या लिफ्टमध्ये ताटकळत ठेवणार होत्या. "कुणीतरी आधी बोलल्याशिवाय हे हलायचं नाही," त्या म्हणाल्या. "दाराने बोलायचं. चल, पुन्हा."

मी लंबूकडे पाहिलं.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

मोटर झालेले आमचे अकाउंटंट उगाच खोकले. लंबू नियमाचा पक्का. आकृतीत नसलेल्या निरोपाला उत्तर कसं देणार? मग तो फळ्याकडे गेला, खडू उचलला, स्वतःच्या वर्तुळातून एक नवा बाण काढला आणि त्यावर माझे शब्द लिहिले. बाण त्याने 'थांबला' या वर्तुळात नेऊन सोडला.

"अरे, दवाखान्याची लिफ्ट आहे ती!" म्हणत मॅडमनी बाण लगेच पुसून टाकला.

शनिवारी लंबू गेला नाही.