दोनदाच टोचेन

लॅबमध्ये तिला सगळे धाकटीच म्हणत, वय बत्तीस झालं तरी. रक्त काढायचं काम ती सात वर्षं करत होती. गेल्या महिन्यात एका आजोबांना तिने चार वेळा सुई टोचली आणि रक्त आलंच नाही. हात काळानिळा पडला. त्यांच्या मुलाने तिला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. तेव्हापासून तिने हाय खाल्ली. जरा अवघड पेशंट आला की ती मोठ्या सिस्टरकडे पाठवायची, आणि तरीही घरी जाताना अंग मोडून आलेलं असायचं.

मोठ्या सिस्टर एकदा डबा खाताना म्हणाल्या, "माझीही शीर चुकते. आठवड्यातून दोनदा तरी."

"तुमची?"

"मग काय. पण मी पेशंटला आधीच सांगते, आणि दोनदाच टोचते. तू चुकलीस त्याचं काही नाही गं. थांबली नाहीस, म्हणून त्या आजोबांचा हात काळानिळा पडला."

धाकटीला ते झोंबलं. तिने अर्धा डबा तसाच बंद केला.

दोनच दिवसांनी मोठ्या सिस्टर तापामुळे आल्या नाहीत. अकराच्या सुमारास एक बाई सुनेचा हात धरून आल्या. वर्षभराच्या उपचारांनी हातावर शीर म्हणून दिसत नव्हती. धाकटीने पट्टा बांधला, बराच वेळ चाचपलं.

"मावशी, तुमच्या शिरा अवघड आहेत. चुकू शकतं. दोनदा बघते, नाही जमलं तर थांबते. उद्या मोठ्या सिस्टर घेतील."

सून म्हणाली, "म्हणजे तुमची तुम्हालाच खात्री नाही?"

"शीर सापडेलच अशी खात्री नाही. पण उगाच टोचत बसणार नाही."

मावशी थकलेलं हसल्या. "घे बाई. इतक्यांनी टोचलंय की चाळण झालीय माझी. आधी सांगणारी तूच पहिली."

पहिल्यांदा चुकलंच. तिने कापूस दाबून धरला आणि सरळ सांगितलं, "नाही आलं." कान तापले, पण हात स्थिर होता. मग तिने मनगटाजवळची एक बारीक शीर धरली. नळीत रक्त हळूहळू उतरू लागलं.

दुपारपर्यंत आणखी अकरा जण झाले. त्यातल्या एकाची शीर चुकली, त्याने तोंड वाकडं केलं. "सॉरी" म्हणून तिने दुसरा हात मागितला.

घरी नवरा कोचावर पसरला होता. "कसा गेला दिवस?"

"दोन चुकल्या."

"अरेरे."

"बाकीच्या जमल्या ना," ती म्हणाली. "पाय घे जरा, बसू दे मला."